द्वारकानाथ कोटणीस

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस (१० ऑक्टोबर १९१०, सोलापूर – ९ डिसेंबर १९४२, हपे प्रांत, चीन) हे मराठी शल्यचिकित्सक होते. दुसऱ्या चीन-जपान युद्धाच्या काळात भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने चीनला पाठविलेल्या पाच डॉक्टरांच्या स्वयंसेवी पथकाचे ते सदस्य होते. पथकातील अन्य चार डॉक्टर यथावकाश मायदेशी परतले. कोटणीस मात्र चीनमध्येच राहिले, तेथील भाषा शिकले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक झाले आणि वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी तेथेच निवर्तले. परिचारिकाशास्त्राच्या अध्यापिका ग्वो चिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला होता.

त्यांच्या जीवनावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ हा चित्रपट काढला. भारतातील अनेक पिढ्यांना कोटणीस ठाऊक झाले ते प्रामुख्याने या चित्रपटामुळे. परंतु चित्रपटातील नायक आणि प्रत्यक्षातील डॉक्टर यांच्यात काही महत्त्वाचे भेद आहेत. त्यांची माहिती या लेखात पुढे दिली आहे.

जन्म आणि बालपण

कोटणीसांचा जन्म सोलापुरातील एका सामान्य मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात झाला. त्यांना दोन भाऊ आणि पाच बहिणी होत्या. वडिलांचे नाव शांताराम. सोलापूर हे त्या काळी कापडगिरण्यांचे व हातमागांचे शहर म्हणून प्रसिद्ध होते. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू या चारही भाषा तेथील पेठांतून रोज कानावर पडत असत. परक्या भाषेशी जुळवून घेण्याचा प्रसंग पुढे ज्यांच्यावर आला, त्या कोटणीसांची वाढ अशा बहुभाषिक गावात झाली, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

सोलापूरचे दुसरे वैशिष्ट्य राजकीय होते. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत, मे १९३० मध्ये, या शहरातील उठाव एवढा तीव्र झाला की ब्रिटिश सरकारला तेथे लष्करी कायदा पुकारावा लागला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. हे हुतात्मे सोलापूरच्या स्मृतीत कायमचे कोरले गेले. कोटणीस त्या वेळी वीस वर्षांचे होते.

वैद्यकीय शिक्षण

कोटणीसांनी वैद्यकीय शिक्षण मुंबईतील परळ येथील सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात घेतले. हे महाविद्यालय आणि त्याला जोडलेले राजे एडवर्ड स्मारक (के. ई. एम.) रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले होते. गिरणगावाच्या मध्यभागी असलेल्या या रुग्णालयात कामगारवस्तीतील रुग्णांची सतत वर्दळ असे.

पदवी मिळविल्यानंतर कोटणीस पुढील शिक्षणाच्या तयारीत होते. सामान्य परिस्थितीतील मोठ्या कुटुंबात एक मुलगा डॉक्टर होणे याचा अर्थ त्या काळी सारे घर मार्गी लागणे असा होता. अशा वेळी चीनला जाणाऱ्या पथकासाठी डॉक्टर हवे असल्याचे त्यांना समजले आणि त्यांनी आपले नाव दिले. घरच्यांना चीनविषयी फारशी माहिती नव्हती. चिनी रेशीम विकत दारोदार हिंडणारे फेरीवाले एवढाच काय तो त्या देशाशी परिचय होता. वडिलांनी मुलाला प्रोत्साहन दिले. आईला मात्र तो एवढ्या दूर, तेही युद्धभूमीवर जाणार याचे फार दुःख झाले.

चीन-जपान युद्ध आणि काँग्रेसचे वैद्यकीय पथक

७ जुलै १९३७ रोजी पेकिंगजवळील मार्को पोलो पुलावर जपानी व चिनी सैन्यात चकमक उडाली आणि तिचे रूपांतर पूर्ण युद्धात झाले. त्याच वर्षअखेरीस जपानी फौजांनी शांघाय आणि नानकिंग ही शहरे घेतली. चीनमध्ये जखमींची संख्या प्रचंड आणि प्रशिक्षित डॉक्टरांची संख्या अत्यल्प अशी स्थिती होती. कम्युनिस्टांच्या आठव्या मार्गसेनेचे सेनापती झू दे यांनी जवाहरलाल नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्याची विनंती केली.

भारत स्वतः पारतंत्र्यात होता. तरीही आक्रमणाला तोंड देणाऱ्या शेजारी राष्ट्राबद्दल येथे मोठी सहानुभूती होती. रवींद्रनाथ टागोरांनी १९३८ मध्ये जपानी कवी योने नोगुची यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात जपानच्या आक्रमणाचा स्पष्ट निषेध केला. त्या वर्षी काँग्रेसचे अध्यक्ष असलेल्या सुभाषचंद्र बोस यांनी ३० जून १९३८ रोजी जनतेला निधीचे आवाहन केले. त्यातून सुमारे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचे पथक व एक रुग्णवाहिका पाठविण्याचे ठरले.

पथकाचे प्रमुख अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल होते. त्यांनी यापूर्वी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा केली होती. नागपूरचे डॉ. मोरेश्वर चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बिजयकुमार बसू व डॉ. देबेश मुखर्जी आणि सोलापूरचे डॉ. कोटणीस हे अन्य सदस्य होते. पाचांपैकी दोघे मराठी भाषक होते. युद्धशस्त्रक्रियेचा प्रत्यक्ष अनुभव केवळ अटल यांच्या गाठी होता.

१ सप्टेंबर १९३८ रोजी हे पथक मुंबईहून ‘राजपुताना’ या जहाजाने निघाले. कोटणीसांना अठ्ठाविसावे वर्ष पूर्ण होण्यास तेव्हा महिनाभराचा अवकाश होता.

चीनमधील पहिले महिने

पथक सप्टेंबरच्या मध्यास हाँगकाँगमार्गे कँटनला पोहोचले. तेथे चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक सन यत-सेन यांच्या पत्नी सुंग चिंग-लिंग यांनी त्यांचे स्वागत केले. तेथून डॉक्टर वुहानला गेले. परंतु ऑक्टोबर १९३८ च्या अखेरीस वुहान जपान्यांच्या हाती पडले. त्यापूर्वीच पथकाला यांगत्से नदीच्या वरच्या अंगास, प्रथम यिचांग व नंतर राष्ट्रीय सरकारची युद्धकालीन राजधानी चुंगकिंग येथे हलावे लागले. शहर सोडणाऱ्या निर्वासितांचे लोंढे, बाँबहल्ले आणि अपुरी रुग्णालये यांचा अनुभव त्यांना या प्रवासात आला.

चुंगकिंग येथे पाचही डॉक्टरांना चिनी नावे मिळाली. शांतिनिकेतनातील विश्वभारतीत चिनी विद्येचे प्राध्यापक असलेले तान युन-शान यांनी ती सुचविली. प्रत्येक नावाच्या शेवटी चीन देशाचे द्योतक असलेले ‘हुआ’ हे अक्षर होते. कोटणीसांचे नाव ‘के दिहुआ’ असे झाले. चीनमध्ये ते आजही याच नावाने ओळखले जातात.

चुंगकिंगच्या मुक्कामातच कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली. परत जाणे सर्वार्थाने समर्थनीय ठरले असते; घरी आई होती, भावंडे होती आणि कुटुंबाचा आधार हरपला होता. कोटणीसांनी मात्र पथकाबरोबर पुढे जाण्याचा निर्णय घेतला. त्यांच्या चरित्रातील हा पहिला मोठा निर्णायक क्षण होय. चीनला जाण्याचा निर्णय त्यांनी पाच जणांच्या सोबतीने आणि वडिलांच्या पाठिंब्याने घेतला होता; राहण्याचा निर्णय त्यांना एकट्याने घ्यावा लागला.

येनान

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक वायव्य चीनमधील येनान येथे पोहोचले. येनान हे कम्युनिस्टांचे मुख्य केंद्र होते. माओ त्से-तुंग आणि झू दे यांनी या डॉक्टरांची भेट घेतली. येनानचा परिसर पिवळ्या भुसभुशीत मातीच्या टेकड्यांचा आहे. या टेकड्यांच्या उतारावर आडव्या खोदलेल्या गुहांतून माणसे राहत आणि अशाच गुहांतून आठव्या मार्गसेनेचे रुग्णालय चाले. गुहा हिवाळ्यात उबदार राहत आणि हवाई हल्ल्यापासून बचाव करीत. परंतु प्रकाश, पाणी आणि निर्जंतुकीकरण या शस्त्रक्रियेच्या मूलभूत गरजा भागविणे तेथे अतिशय कष्टाचे होते.

कोटणीस येथे शस्त्रक्रिया विभागात काम करू लागले. दिवसा रुग्णसेवा आणि उरलेल्या वेळात चिनी भाषेचा अभ्यास असा त्यांचा क्रम होता. दुभाष्यावर अवलंबून राहिल्यास रुग्णाची वेदना नीट समजत नाही आणि साहाय्यकाला शिकविताही येत नाही, हे त्यांनी ओळखले होते. कालांतराने ते ही भाषा अस्खलित बोलू लागले. ती वाचणे आणि लिहिणेही त्यांनी साध्य केले.

या काळात पथक विरळ होऊ लागले. चोळकर आणि मुखर्जी १९३९ मध्ये प्रकृतीच्या कारणास्तव भारतात परतले. अटल, बसू आणि कोटणीस या तिघांनी आघाडीवर जाण्याची मागणी केली आणि १९३९ च्या अखेरीस ते येनानहून पूर्वेकडे निघाले.

आघाडीवरील कार्य

उत्तर चीनमधील शान्सी, चाहार आणि हपे या प्रांतांच्या सीमेवरील डोंगराळ प्रदेशात आठव्या मार्गसेनेने तळ उभारला होता. रेल्वेमार्ग आणि मोठी शहरे जपान्यांच्या ताब्यात, तर डोंगर आणि खेडी गनिमी सैनिकांच्या ताब्यात अशी तेथील विभागणी होती. या तळाचे सेनापती न्ये रोंगचेन होते. तेथे पोहोचण्यासाठी शत्रूच्या पहाऱ्याखालील रेल्वेमार्ग ओलांडून जावे लागे. अटल यांना त्वचारोगामुळे १९४० च्या आरंभी परतावे लागले. बसू आणि कोटणीस हे दोघे पुढे गेले.

याच प्रदेशात कॅनडाचे प्रख्यात शल्यचिकित्सक डॉ. नॉर्मन बेथून यांनी काम केले होते. जखमी डॉक्टरपर्यंत पोहोचण्याची वाट न पाहता डॉक्टरने जखमीपर्यंत पोहोचावे, हे त्यांच्या कार्यपद्धतीचे सूत्र होते. प्रतिजैविके उपलब्ध नसलेल्या त्या काळात या सूत्राला जीवनमरणाचे महत्त्व होते. गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागलेली जखम वेळेत स्वच्छ करून तिच्यातील मृत मांस काढले नाही, तर ती सडे. मग हात किंवा पाय कापावा लागे किंवा रुग्ण दगावत असे. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेल्या जखमेतून रक्तात विषबाधा होऊन स्वतः बेथून १२ नोव्हेंबर १९३९ रोजी निधन पावले. कोटणीस त्या प्रदेशात पोहोचले तेव्हा या घटनेला जेमतेम काही महिने झाले होते. जून १९४० मध्ये हपे प्रांतातील तांग परगण्यात बेथून यांच्या समाधीच्या समारंभाला कोटणीस उपस्थित होते.

ऑगस्ट १९४० मध्ये आठव्या मार्गसेनेने जपानी रेल्वेमार्ग व ठाणी यांवर मोठी चढाई केली. ती शंभर पलटणींची मोहीम म्हणून प्रसिद्ध आहे. त्या वर्षीच्या लढायांत कोटणीसांनी आघाडीलगत शस्त्रक्रिया केंद्र चालविले. एका दीर्घ लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आढळते. पुढे बसू यांना येनानला परत बोलावण्यात आले आणि ते १९४३ पर्यंत चीनमध्ये राहिले. कोटणीस हे या डोंगराळ तळावर राहिलेले एकमेव भारतीय होते.

बेथून रुग्णालय आणि अध्यापन

जानेवारी १९४१ मध्ये कोटणीसांची बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाच्या पहिल्या संचालकपदी नियुक्ती झाली. बेथून यांचेच नाव दिलेल्या वैद्यकीय विद्यालयात ते शिकवीतही असत. ‘रुग्णालय’ या शब्दाने आज जे चित्र डोळ्यांपुढे येते त्याच्याशी या संस्थेचे साम्य अल्प होते. खेड्यातील घरे हेच तेथील कक्ष होते. शत्रूची तुकडी जवळ येत असल्याची खबर मिळताच रुग्ण, औषधे आणि उपकरणे घेऊन सर्वांना डोंगरात हलावे लागे. १९४१ आणि १९४२ या वर्षांत जपानी सैन्याने या प्रदेशात खेडी जाळण्याची आणि धान्य लुटण्याची निर्दय मोहीम चालविली. नाकेबंदीमुळे औषधे आणि शस्त्रक्रियेची साधने मिळेनाशी झाली.

अशा स्थितीत कोटणीसांनी सर्वाधिक भर दिला तो शिकविण्यावर. तळावर वैद्यकीय पदवी असलेल्या व्यक्ती मोजक्याच होत्या. शेतकरी कुटुंबांतून आलेल्या तरुणांना अल्पावधीत परिचर्या आणि शस्त्रक्रियेची मूलतत्त्वे शिकवून तुकड्यांबरोबर पाठविणे, हाच अधिक जीव वाचविण्याचा मार्ग होता. एक शल्यचिकित्सक एका वेळी एकाच जखमीपाशी असू शकतो. त्याने घडविलेले विद्यार्थी मात्र अनेक ठिकाणी असू शकतात. कोटणीस चिनी भाषेतूनच व्याख्याने देत. विद्यार्थ्यांसाठी योग्य पुस्तके नसल्यामुळे त्यांनी शस्त्रक्रियेच्या सामान्य तत्त्वांवर एक पाठ्यपुस्तक लिहिले. शस्त्रक्रियेवरील दुसरा, अधिक तपशीलवार ग्रंथ त्यांनी हाती घेतला होता. तो त्यांच्या मृत्यूमुळे अपुरा राहिला.

७ जुलै १९४२ रोजी, युद्धारंभाच्या पाचव्या स्मृतिदिनी, ते चिनी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य झाले.

ग्वो चिंगलान आणि विवाह

ग्वो चिंगलान यांचा जन्म १९१६ मध्ये शान्सी प्रांतात झाला. त्यांनी पेकिंगच्या नामवंत वैद्यकीय महाविद्यालयात परिचर्येचे आधुनिक शिक्षण घेतले होते. शहरातील सुरक्षित नोकरी सोडून त्या प्रतिकाराच्या लढ्यात सामील झाल्या आणि बेथून वैद्यकीय विद्यालयात परिचर्या शिकवू लागल्या. १९४० मध्ये बेथून यांच्या समाधीच्या समारंभाच्या वेळी त्यांनी कोटणीसांना प्रथम पाहिले. परदेशातून आलेला हा डॉक्टर चिनी भाषा बोलतो आणि लिहितो, याचे त्यांना विशेष आश्चर्य वाटले होते.

पुढे एकाच संस्थेत शिकविताना दोघांचा परिचय वाढला. दोघांच्याही जीवनाची दिशा एक होती. दोघांनाही चांगल्या शिक्षणामुळे सुखाचे आयुष्य मिळू शकले असते आणि दोघांनीही ते मागे ठेवले होते. २५ नोव्हेंबर १९४१ रोजी त्यांचा विवाह झाला. कोटणीसांचे वय तेव्हा ३१ होते.

२३ ऑगस्ट १९४२ रोजी त्यांना मुलगा झाला. न्ये रोंगचेन यांच्या सूचनेवरून त्याचे नाव ‘यिनहुआ’ ठेवण्यात आले. ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन.

आजार आणि मृत्यू

अपुरे अन्न, कडाक्याची थंडी, सततच्या स्थलांतराचे श्रम आणि कामाचा ताण यांचा कोटणीसांच्या प्रकृतीवर विपरीत परिणाम झाला. त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले. आघाडीपासून दूर जाऊन उपचार घेण्याचा सल्ला त्यांना देण्यात आला. परंतु त्यांनी काम सोडले नाही. स्वतः डॉक्टर असल्यामुळे या दुर्लक्षाचा संभाव्य परिणाम त्यांना कळत नसेल असे म्हणता येत नाही. वेदना बाजूला सारून ते शस्त्रक्रिया, अध्यापन आणि रात्रीचे ग्रंथलेखन करीत राहिले.

९ डिसेंबर १९४२ रोजी पहाटेच्या सुमारास, एकापाठोपाठ आलेल्या झटक्यांनंतर, त्यांचे तांग परगण्यात निधन झाले. विवाहाला एक वर्ष आणि दोन आठवडे झाले होते. यिनहुआ १०८ दिवसांचा होता. मुंबईचा किनारा सोडल्यानंतर सव्वाचार वर्षांत ते एकदाही मायदेशी येऊ शकले नव्हते. माओ त्से-तुंग, झू दे आणि सुंग चिंग-लिंग यांनी त्यांना आदरांजली वाहिली. त्यांचा दफनविधी त्याच परिसरात झाला. पुढे १९५३ मध्ये त्यांचे अवशेष शिजियाझुआंग येथील हुतात्मा स्मशानभूमीत बेथून यांच्या समाधीजवळ हलविण्यात आले.

‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’

लेखक व पत्रकार ख्वाजा अहमद अब्बास यांनी कोटणीसांच्या जीवनावर ‘अँड वन डिड नॉट कम बॅक’ हे इंग्रजी पुस्तक लिहिले. ते १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘आणि एक परतला नाही’ अशा अर्थाचे हे शीर्षक पाच डॉक्टरांपैकी एकाच्या नशिबी आलेल्या मृत्यूचे सूचक आहे. या पुस्तकाच्या आधारे व्ही. शांताराम यांनी आपल्या राजकमल कलामंदिर या संस्थेतर्फे चित्रपट निर्माण केला. पटकथा अब्बास आणि व्ही. पी. साठे यांची होती. संगीत वसंत देसाई यांनी दिले. कोटणीसांची भूमिका स्वतः शांताराम यांनी केली आणि नायिका चिंग लान हिची भूमिका त्यांच्या पत्नी जयश्री यांनी साकारली. बाबुराव पेंढारकर, केशवराव दाते आणि दिवाण शरर यांच्याही त्यात भूमिका होत्या. हिंदीबरोबरच परदेशातील प्रेक्षकांसाठी त्याची इंग्रजी आवृत्तीही काढण्यात आली.

राजकमलचा स्टुडिओ मुंबईत परळ भागात होता. ज्या गिरणगावात कोटणीसांनी वैद्यकीय शिक्षण घेतले, त्याच परिसरात त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत त्यांच्या जीवनाचा चित्रपट तयार झाला, हा एक लक्षणीय योग होय.

चित्रपट आणि वास्तव

चित्रपटाच्या कथेत सोलापूरचे घर, वडिलांचा आशीर्वाद, चीनचा प्रवास, युद्धातील शस्त्रक्रिया आणि चिंग लानशी विवाह हे मुख्य टप्पे वास्तवाला धरून आहेत. शेवटी मात्र कथा वास्तवापासून दूर जाते. चित्रपटातील कोटणीस एका भयंकर साथीच्या रोगावर उपाय शोधतात, जपान्यांच्या तावडीत सापडून निसटतात आणि अखेरीस त्याच साथीला बळी पडतात. प्रत्यक्षात कोटणीसांचा मृत्यू अपस्माराने झाला. चित्रपटाच्या शेवटी चिंग लान आपल्या मुलाला घेऊन कोटणीसांच्या घरी येते. प्रत्यक्षात चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा ग्वो चिंगलान आणि यिनहुआ चीनमध्येच होते.

या बदलांमागील कारण समजण्यासारखे आहे. प्रेमकथा आणि आत्मबलिदान यांचा मेळ घालणाऱ्या चित्रपटाला एक निश्चित शत्रू, एक शोध आणि एक अंतिम विजय हवा असतो. दीर्घ आजार, औषधांचा तुटवडा आणि विद्यार्थ्यांसाठी लिहिलेले पाठ्यपुस्तक या गोष्टी पडद्यावर रंगत नाहीत. तथापि कोटणीसांच्या कार्याचे मर्म याच गोष्टींत आहे. त्यांनी कोणताही नवा औषधोपचार शोधला नाही. उपलब्ध ज्ञान त्यांनी ज्यांना त्याची सर्वाधिक गरज होती त्यांच्यापर्यंत, त्यांच्याच भाषेत, पोहोचविले. त्यांचे मरणही एका धाडसी प्रयोगातून ओढवले नाही. रोज थोडे थोडे स्वतःकडे दुर्लक्ष करण्यातून ते आले. चित्रपटामुळे त्यांचे नाव घरोघरी पोहोचले हे निर्विवाद आहे. त्याचबरोबर त्यांच्या मृत्यूचे चुकीचे कारणही अनेकांच्या मनात रुजले.

चीनमध्येही कोटणीसांच्या जीवनावर चित्रपट निघाला आहे.

कुटुंबीय

ग्वो चिंगलान यांनी पुढे पुन्हा विवाह केला. त्या वैद्यकीय क्षेत्रातच कार्यरत राहिल्या आणि उत्तरायुष्यात दालियन शहरात स्थायिक झाल्या. कोटणीस कुटुंबाशी त्यांनी नाते टिकविले. स्वातंत्र्योत्तर काळात त्या भारतात येऊन गेल्या आणि दोन्ही देशांच्या औपचारिक समारंभांत त्यांना सन्मानाने निमंत्रित केले जाई. कोटणीसांबरोबरच्या सहजीवनावर त्यांनी आठवणींचे पुस्तक लिहिले. २०१२ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

मुलगा यिनहुआ यानेही वडिलांचा व्यवसाय स्वीकारण्यासाठी वैद्यकीय शिक्षण घेतले. परंतु अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वीच, १९६७ मध्ये, तो मरण पावला. त्याचे वय तेव्हा २४ वर्षे होते.

पथकातील सहकारी डॉ. बसू यांनी पुढे चीनमध्ये जाऊन ॲक्युपंक्चरचे शिक्षण घेतले आणि या उपचारपद्धतीचा भारतात प्रसार केला. कोटणीसांच्या नावाने सुरू झालेल्या संस्थांच्या कार्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

स्मारके आणि सन्मान

शिजियाझुआंग येथे कोटणीसांचा पुतळा आणि स्मृतिसंग्रहालय आहे. पूर्वजांच्या स्मरणाच्या छिंगमिंग या वसंतातील सणाला तेथील नागरिक त्यांच्या समाधीवर फुले वाहतात. चीनने १९८२ मध्ये आणि भारताने १९९३ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकिटे काढली. २००९ मध्ये चीनमध्ये झालेल्या एका जनमत चाचणीत गेल्या शंभर वर्षांतील चीनच्या दहा श्रेष्ठ परदेशी मित्रांमध्ये त्यांची निवड झाली.

भारतभेटीवर येणाऱ्या चिनी नेत्यांनी कोटणीसांच्या कुटुंबीयांना भेटण्याची प्रथा दीर्घकाळ पाळली आहे. राष्ट्राध्यक्ष हू जिंताओ यांनी २००६ मध्ये, पंतप्रधान ली खछियांग यांनी २०१३ मध्ये आणि राष्ट्राध्यक्ष शी जिनपिंग यांनी २०१४ मध्ये त्यांच्या आप्तांची भेट घेतली. १९६२ च्या युद्धानंतर उभय देशांच्या संबंधांत अनेकदा कटुता आली. तरीही दोन्ही बाजूंनी निःसंकोचपणे घ्यावीत अशा मोजक्या नावांमध्ये कोटणीसांचे नाव टिकून राहिले.

सोलापुरात भैय्या चौकाजवळील त्यांच्या घराचे स्मारकात रूपांतर करण्यात आले आहे. तेथे छायाचित्रांच्या व माहितीच्या आधारे त्यांचे जीवन मांडले आहे. लुधियाना येथील ॲक्युपंक्चर रुग्णालयालाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. कोटणीस ज्या रुग्णालयाचे पहिले संचालक होते, ते बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय शिजियाझुआंग शहरात आजही रुग्णसेवा करीत आहे.